कोरड्या मुलखातील अळिंबी : व्यापारी उत्पादनाच्या शास्त्राची प्रस्तावना

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेला जत तालुका क्षेत्रफळाने जिल्ह्यातील सर्वांत मोठा असला, तरी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडल्यामुळे पावसाच्या बाबतीत तो सर्वांत वंचित तालुक्यांपैकी एक ठरला आहे. डफळे घराण्याच्या संस्थानाचा हा मुलूख १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाला, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. परंतु या सगळ्या प्रशासकीय स्थित्यंतरांत एक गोष्ट कायम राहिली, ती म्हणजे पाण्याची ओढ. कृष्णाकाठच्या वाळवा-पलूस भागात उसाचे फड उभे असतात, तेव्हा जतच्या माळावर रब्बीची ज्वारी, बाजरी, तूर आणि माडग्याळच्या मेंढ्या यांवरच संसार चालतात. अलीकडे डाळिंब आणि द्राक्ष यांनी काही गावांचे रूप पालटले, म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी तालुक्याच्या काही भागांत पोचले, तथापि पूर्वेकडील अनेक गावे दीर्घकाळ त्या पाण्याची वाटच पाहत राहिली. अशा प्रदेशाला, ताज्या अवस्थेत ज्याच्या वजनाचा सुमारे नव्वद टक्के भाग पाणीच असतो असे पीक सुचवणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. या प्रस्तावनेचा मुख्य मुद्दा असा की ही विसंगती वरवरची आहे: अळिंबीला पाणी थोडे लागते, मात्र ते नेमक्या ठिकाणी आणि नेमक्या वेळी लागते; आणि जतची जी कोरडी हवा अळिंबीच्या वाढीत अडथळा ठरते, तीच हवा खोली गार ठेवण्यात आणि माल वाळवण्यात उपयोगी पडू शकते.

अळिंबी ही वनस्पती नव्हे, हे या विषयाच्या अभ्यासकाने प्रथम ध्यानात घ्यावे लागते. तिच्यात हरितद्रव्य नसल्याने ती सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करू शकत नाही. बुरशीच्या मोठ्या कुळातील ही एक शाखा असून मृत वनस्पतींच्या अवशेषांवर ती जगते. काड, भुसा, लाकूड यांतील सेल्युलोज आणि लिग्निन ही टणक द्रव्ये पचवणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, ती आपल्या अंगातून बाहेर सोडते, अन्न शरीराबाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. जिला लोक छत्री म्हणून ओळखतात तो या सजीवाचा अल्पकाळ दिसणारा भाग होय. खरे शरीर म्हणजे काडाच्या आत पसरलेले, कापसासारख्या पांढऱ्या तंतूंचे जाळे. त्यास कवकजाल म्हणतात. या जाळ्याने पुरेसे अन्न साठवले आणि भोवतालच्या तापमानात, हवेत व प्रकाशात ठरावीक बदल झाला की ते फळ धरते, त्या फळाच्या खालच्या पडद्यांतून बीजुके नावाचे सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि वाऱ्यावर पसरतात. व्यापारी उत्पादकाची सगळी कला या दोन अवस्थांच्या सांध्यावर उभी आहे: आधी जाळे निर्वेध वाढू द्यायचे, नंतर योग्य क्षणी परिस्थिती बदलून त्याला फळ धरायला लावायचे, आणि बीजुके सुटण्यापूर्वी ते फळ काढून घ्यायचे.

हे ज्ञान माणसाला एका दिवसात आलेले नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या परिसरातील माळी घोड्याच्या लिदीच्या खतावर पांढरी अळिंबी वाढवू लागले आणि पुढे तेथील दगडखाणींच्या बोगद्यांत, जेथे तापमान वर्षभर स्थिर असते, तिची शेती स्थिरावली. परंतु लागवडीसाठी जुन्या वाफ्यातील मातीच वापरावी लागत असल्याने रोगही तिच्याबरोबर प्रवास करीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये शुद्ध बियाणे तयार करण्याची रीत सापडली, आणि १९३२ मध्ये अमेरिकेतील जेम्स सिंडेन यांनी उकडलेल्या धान्यावर कवकजाल वाढवण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळवले. आज जगभर वापरले जाणारे अळिंबीचे बियाणे त्याच पद्धतीचे आहे. भारतात भाताच्या पेंढ्यावरील अळिंबीचे यशस्वी प्रयोग १९४३ च्या सुमारास कोइमतूरला झाले, हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९६१ पासून बटण अळिंबीचे काम सुरू झाले, आणि १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झेड. बानो व एच. सी. श्रीवास्तव यांनी काडावर धिंगरी अळिंबी घेण्याची रीत बसवली. सोलन येथे १९८३ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, पुढे त्याचे संचालनालयात रूपांतर झाले. त्याच काळात सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे महाराष्ट्रातील केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आहे, आणि धिंगरीची मराठीतून माहिती व प्रशिक्षण शेतकऱ्यांपर्यंत नेण्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे.

व्यापारी दृष्टीने महाराष्ट्रात तीन प्रकार महत्त्वाचे आहेत. पहिला बटण, शास्त्रीय नाव अगॅरिकस बायस्पोरस; हॉटेलात आणि शहरी दुकानांत 'मशरूम' म्हटले की बहुधा हाच समजला जातो आणि देशातील उत्पादनात त्याचाच वाटा सर्वाधिक आहे. दुसरा धिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची प्ल्युरोटस. तिच्या करड्या, पांढऱ्या, गुलाबी अशा अनेक जाती असून साधारण वीस ते तीस अंश सेल्सियस तापमानात त्या वाढतात. तिसरा दुधी अळिंबी, कॅलोसायबी इंडिका. ही मूळची भारतीय असून तिच्या लागवडीचे पहिले शास्त्रीय काम पश्चिम बंगालमध्ये १९७० च्या दशकात झाले, तर १९९८ मध्ये तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तिचा व्यापारी वाण प्रसारित केल्यावर दक्षिणेत ती झपाट्याने पसरली. दुधीला तीस ते पस्तीस अंश उष्णता मानवते, आणि जतसारख्या ठिकाणी ही बाब निर्णायक ठरते. बटणाला फळ धरण्याच्या काळात चौदा ते अठरा अंश तापमान हवे असते. जतमध्ये ते टिकवायचे तर उष्णतारोधक भिंती, शीतयंत्रे आणि अखंड वीज यांवाचून गत्यंतर नाही. पावसाळा व हिवाळ्यात धिंगरी आणि फाल्गुनापासून पुढे उन्हाळ्यात दुधी, हा क्रम या हवामानाशी जुळणारा आहे. बाजारात बटणाला मागणी जास्त, एवढ्याच कारणाने लहान शेतकऱ्याने कर्ज काढून शीतगृह बांधणे धोक्याचे आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

उत्पादनाची पहिली पायरी बियाणे, ज्याला उत्पादक सर्रास स्पॉन म्हणतात, आणि येथेच जतच्या ज्वारीचा या पिकाशी थेट संबंध येतो. स्पॉन म्हणजे बीजुके नव्हेत. निर्जंतुक केलेल्या धान्यावर वाढवलेले शुद्ध कवकजाल म्हणजे स्पॉन, आणि दुधात विरजण जे काम करते ते काम तो काडात करतो. त्यासाठी गहू, बाजरी चालते, परंतु ज्वारीचा दाणा गव्हापेक्षा लहान व गोल असल्याने एका किलोत दाण्यांची संख्या जास्त भरते आणि तेवढ्या ठिकाणांहून जाळे एकाच वेळी फुटू लागते. दाणा अखंड, कीड न लागलेला आणि काळा न पडलेला असावा लागतो. काढणीच्या वेळी पावसात सापडलेल्या खरीप ज्वारीवर आधीच परकी बुरशी बसलेली असते, म्हणून मालदांडीसारखी रब्बीची स्वच्छ ज्वारी या कामी अधिक भरवशाची. ती धुऊन अर्धा तास उकडतात, पण एवढीच की दाणा मऊ व्हावा आणि फुटू नये, कारण फुटलेल्या दाण्यातून स्टार्च बाहेर येऊन सगळे गोळा होते. नंतर चाळणीवर निथळून त्यात जिप्सम व खडूची भुकटी मिसळतात, ज्यामुळे दाणे सुटे राहतात आणि आम्लता आटोक्यात राहते. हे धान्य उष्णतेला टिकणाऱ्या पिशव्यांत भरून, कापसाचे बूच लावून ऑटोक्लेव्ह या दाबयंत्रात दीड ते दोन तास निर्जंतुक केले जाते, आणि गार झाल्यावर गाळलेल्या हवेच्या कक्षात त्यात शुद्ध कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कवकजालाचा, तुकडा सोडला जातो. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक दाण्यावर पांढरे आवरण चढते. पिशवीत कोठेही हिरवा, काळा वा पिवळा ठिपका दिसला किंवा आंबूस वास आला, तर ती पिशवी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये. लहान उत्पादकाने स्पॉन स्वतः करण्याच्या भरीस न पडता खात्रीच्या प्रयोगशाळेतून ताजा आणावा, आणि आणताना उन्हातल्या गाडीत तासन्‌तास ठेवू नये. पस्तीस अंशांपुढे धिंगरीचे जाळे मरू लागते आणि ते मेले आहे हे पिशवी भरल्यानंतर आठवड्याने कळते.

दुसरी पायरी काडाची, आणि जतच्या संदर्भात ती सर्वांत नाजूक आहे. धिंगरी व दुधी या दोन्ही जाती गव्हाचे काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट, ज्वारीचा कडबा अशा जवळजवळ कोणत्याही काडावर येतात, आणि म्हणून अनेक पुस्तिका कडबा सुचवून मोकळ्या होतात. परंतु दुष्काळी तालुक्यात कडबा हा कचरा नसतो. तो जनावरांचा आधार असतो, टंचाईच्या वर्षी त्याच्या पेंढीचा भाव धान्याशी स्पर्धा करतो, आणि चारा छावण्यांच्या आठवणी या भागात फार जुन्या नाहीत. जेथे गोठ्यातील जनावर अर्धपोटी आहे तेथे कडबा कुट्टी करून अळिंबीला देणे हे हिशेबाच्या वहीत नफ्याचे दिसले तरी कुटुंबाच्या दृष्टीने तोट्याचे ठरू शकते. म्हणून जतच्या उत्पादकाने जनावरे जे आवडीने खात नाहीत ते अवशेष आधी पाहावेत: सोयाबीनचे भुसकट आणि कृष्णाकाठी हंगामानंतर शेतातच पेटवून दिले जाणारे पाचट. जिल्ह्याच्या एका टोकाला जे जळते ते दुसऱ्या टोकाला शंभरेक किलोमीटरवर कामी येते. वाहतुकीचा खर्च धरूनही हा विचार गांभीर्याने करण्याजोगा आहे.

काड तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे कापून, भिजवून, नंतर त्यातील स्पर्धक बुरशी व कीटकांची अंडी नष्ट करावी लागतात. यासाठी प्रचलित असलेल्या पद्धतींपैकी रासायनिक पद्धतीत शंभर लिटर पाण्यात १२५ मिलिलिटर फॉर्मेलिन आणि साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून त्यात दहा-बारा किलो काड सोळा ते अठरा तास बुडवून ठेवतात. गरम पाण्याच्या पद्धतीत रात्रभर भिजवलेले काड ऐंशी अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. आणि वाफेच्या पद्धतीत ओले काड पिंपात किंवा बंद खोलीत वाफवतात. पहिली पद्धत सोपी आणि भांडवल न मागणारी असल्याने सर्वत्र शिकवली जाते, परंतु तिच्यात पाणी फार लागते आणि काम झाल्यावर फॉर्मेलिनयुक्त पाणी कोठे टाकायचे हा प्रश्न शिल्लक राहतो. ज्या वस्तीवर पिण्याचे पाणी त्याच शिवारातल्या बोअरमधून येते तेथे ते पाणी परसात ओतणे अक्षम्य आहे. वाफेला पाणी सर्वांत कमी लागते, जळण म्हणून तुराट्या आणि डाळिंबाच्या छाटणीचे लाकूड हाताशी असते, आणि काडात रसायनाचा अंश राहत नाही, ज्याचे महत्त्व पुढे चाऱ्याच्या संदर्भात स्पष्ट होईल. प्रत्यक्ष काडात मुरणारे पाणी मोजले तर शंभर किलो कोरड्या काडाला ते दोनशे ते अडीचशे लिटर भरते. वाफवलेले काड स्वच्छ जागी पसरून निथळू देतात, आणि ओलावा योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी अजूनही हातापेक्षा चांगले साधन नाही: मूठभर काड घट्ट दाबले असता तळवा ओलसर व्हावा, पण बोटांच्या फटींतून पाण्याचा थेंब पडू नये. थेंब पडला तर पिशवीच्या तळाशी पाणी साचून काड कुजते. तळवा कोरडा राहिला तर जाळे अर्ध्यावर थांबते.

हे काड पारदर्शक पिशवीत थर देत भरतात आणि प्रत्येक थरावर, विशेषतः कडेने, ओल्या काडाच्या वजनाच्या दोन टक्के या प्रमाणात स्पॉन पेरतात. पिशवीचे तोंड बांधून तिला टाचणीने वीस-पंचवीस बारीक छिद्रे पाडली की ती 'बेड' म्हणून अंधाऱ्या खोलीत मांडणीवर किंवा दोरीच्या शिंकाळ्यात जाते. पुढील पंधरा ते वीस दिवस माणसाने करायचे काम जवळजवळ काहीच नसते, आणि नवशिक्याची कसोटी याच दिवसांत लागते. बेड वारंवार उघडून पाहणे, त्यावर पाणी मारणे, पंखा लावणे हे सगळे मोह टाळावे लागतात. जाळे वाढताना स्वतः उष्णता निर्माण करते, त्यामुळे बेडच्या आतील तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असते, ही गोष्ट जतच्या उन्हाळ्यात विसरून चालत नाही. सारा बेड पांढराशुभ्र आणि दाबल्यावर टणक लागू लागला की धिंगरीच्या बाबतीत पिशवी फाडून काढतात. दुधीच्या बाबतीत मात्र वरच्या बाजूस दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा निर्जंतुक मातीचा थर देतात, त्यास केसिंग म्हणतात. या थरात अन्न जवळजवळ नसते, तो केवळ ओलावा धरून ठेवतो, आणि त्याच्यावाचून दुधी फळच धरीत नाही.

यानंतर खोलीची हवा हेच शेत होते. धिंगरीला फळ धरण्यासाठी ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेच्या धारणक्षमतेच्या तुलनेत तेवढी ओल, लागते. शिवाय दिवसातून काही तास वाचता येईल इतपत उजेड आणि खेळती हवा. हवा कोंडली तर जाळ्याच्या श्वसनातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि फळाचा देठ लांबट होऊन छत्री नखाएवढीच राहते. असा माल पाहूनच जाणकार खोलीला खिडकी नाही हे ओळखतो. उलट खिडकी सताड उघडली तर माळावरचा वारा तासाभरात अंकुर सुकवतो. हवा पाहिजे पण वारा नको, ही गरज भागवण्यासाठी दारे-खिडक्यांना गोणपाटाचे पडदे लावून ते ओले ठेवतात, जमिनीवर वाळूचा थर देऊन त्यावर पाणी शिंपडतात, ऐपत असेल तेथे फॉगर, म्हणजे पाण्याचे धुके सोडणारे यंत्र, बसवतात. पाण्याचे बाष्प होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते; हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जलद आणि गारवा अधिक. कोकणातल्या दमट मे महिन्यात ओले गोणपाट जेमतेम अंश-दोन अंश गारवा देते, तर जतच्या कोरड्या दुपारी तेच गोणपाट खोलीचे तापमान कितीतरी जास्त उतरवते आणि त्याच वेळी हवेला हवी असलेली ओलही देते. हा लाभ पदरात पाडून घेण्यासाठी पाचटाने शाकारलेले, वाऱ्याचा आडोसा पाहून बांधलेले, उंचीने बेताचे शेड पुरते. पत्र्याच्या छताखाली मात्र कोणताही उपाय टिकत नाही. शिंपडायच्या पाण्याची परीक्षा आधी करून घ्यावी, कारण क्षार जास्त असलेले बोअरचे पाणी कोवळ्या अंकुरांवर पडले की ते पिवळे पडून गळतात. पावसाळ्यात पत्र्यावरून किंवा शेततळ्यात साठवलेले पाणी यासाठी राखून ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

पिशवी काढल्यानंतर तीन-चार दिवसांत बेडवर टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात, ज्यांना उत्पादक पिनहेड म्हणतात, आणि त्यानंतरची वाढ इतकी वेगवान असते की सकाळी बोटाच्या पेराएवढा असलेला झुबका दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा होतो. काढणीची वेळ छत्रीची कड सांगते. कड खाली वळलेली असेपर्यंत माल कोवळा असतो. ती सरळ होऊन वर वळू लागली, किंचित फाटल्यासारखी दिसू लागली, की बीजुके सुटण्याची वेळ आली असे समजावे. काढणीपूर्वी पाणी मारीत नाहीत, कारण ओला माल पिशवीत काळपट पडतो. झुबका बुडाशी बोटांत धरून हलकेच पिळून सबंध काढतात, त्यातील लहान छत्र्या पुढच्या खेपेसाठी ठेवीत नाहीत, कारण मोठ्या काढल्यावर त्या वाढत नाहीत, वाळतात. आणि बेडमध्ये राहिलेला देठाचा ठोंब कुजून माश्यांना बोलावतो. बुडाला चिकटलेले काड चाकूने कापले की माल विक्रीस तयार होतो. आठ-दहा दिवसांनी दुसरा आणि त्यानंतर तिसरा बहर येतो. प्रत्येक बहर आधीच्यापेक्षा हलका असतो, आणि बेड भरल्यापासून दीड-दोन महिन्यांत चक्र संपते. चांगल्या व्यवस्थापनात एक किलो कोरड्या काडामागे पाचशे ते सातशे ग्रॅम ताजी धिंगरी मिळावी, अशी अपेक्षा ठेवणे रास्त. काडाच्या वजनाइतके उत्पादनही निघते, परंतु हिशेब त्यावर मांडू नये. काढणी उशिरा करणाऱ्या शेडमध्ये हवेत पांढरी धूळ तरंगताना दिसते. ती बीजुकांची असते आणि रोज तिच्यात काम करणाऱ्यांना खोकला, दम, ताप असा त्रास होतो. काढणीचे काम बहुतेक ठिकाणी स्त्रिया करतात. त्यांना मुखपट्टी देणे आणि माल वेळेवर काढणे ही मालकाची जबाबदारी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करून मिळवलेला नफा हा त्यांच्या फुप्फुसांतून काढलेला असतो.

बटणाची रीत याहून पुष्कळ वेगळी आहे, आणि पुण्याच्या परिसरातील मोठ्या वातानुकूलित प्रकल्पांचे काम समजण्यासाठी तिचा थोडा परिचय पुरेसा होईल. तिला काड नव्हे तर काडाचे कंपोस्ट लागते: गव्हाचे काड, कोंबडीखत, कोंडा व जिप्सम यांचा ढीग काही दिवसांच्या अंतराने पलटत ठेवतात, ढिगाचे पोट सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापते, आणि नंतर ते कंपोस्ट बंद बोगद्यासारख्या कक्षात सत्तावन्न ते एकोणसाठ अंशांवर सहा-आठ तास ठेवून, पुढे पंचेचाळीस अंशांच्या आसपास अमोनियाचा वास पूर्ण जाईपर्यंत मुरवतात. स्पॉन, केसिंग आणि मग तापमान खाली आणून ताज्या हवेचा पुरवठा, असा क्रम लागतो. छत्री बंद असतानाच, खालचा पडदा फाटण्यापूर्वी, पिळून काढणी होते आणि माल तासाभरात चार अंशांच्या शीतकक्षात जातो. शंभर किलो कंपोस्टमागे अठरा ते बावीस किलो उत्पादन समाधानकारक समजतात. हे कारखान्याच्या शिस्तीचे काम आहे, आणि त्यात एक रात्र वीज गेली तर एक बहर जातो.

रोगांच्या बाबतीत एकच तत्त्व पुन्हा पुन्हा सांगावे लागते, ते म्हणजे अळिंबी स्वतः बुरशी असल्याने बुरशीनाशक फवारून तिला वाचवण्यास फार थोडा वाव असतो. ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी शेतकऱ्याला डाळिंबाच्या मर रोगावरची मित्र म्हणून माहीत असते आणि तिच्या पिशव्या त्याच्याच गोदामात पडलेल्या असतात. अळिंबीच्या शेडमध्ये तीच सर्वांत मोठी शत्रू ठरते. बागेत ट्रायकोडर्मा मिसळून आलेल्या माणसाने त्याच कपड्यांनी बेड हाताळू नयेत, ही जतसारख्या डाळिंबाच्या पट्ट्यात द्यावी लागणारी खास सूचना आहे. बेडवर काळपट, नाजूक, तासाभरात विरघळून शाईसारख्या होणाऱ्या छत्र्या उगवल्या तर काडात ओल जास्त झाली किंवा नत्र उरले असे समजावे. बाधित बेड शेडपासून दूर नेऊन पुरणे, दाराशी चुना वा जंतुनाशकाची पायपुसणी ठेवणे, खिडक्यांना बारीक जाळी लावणे आणि दोन चक्रांच्या मध्ये खोली धुऊन काही दिवस रिकामी ठेवणे, या साध्या गोष्टींवरच पीक टिकते.

पिकवण्यापेक्षा विकणे अवघड, हे या धंद्याचे वास्तव कोणत्याही प्रस्तावनेने झाकून ठेवू नये. ताजी धिंगरी साध्या तापमानात एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. दुधी त्यामानाने चिवट असते. जतपासून सांगली, मिरज, सोलापूर, विजयपूर ही शहरे गाठता येतात, परंतु त्या बाजारांत बटणाची ओळख आहे, धिंगरीची बेताचीच; शिवाय या पट्ट्यातील जैन कुटुंबे अळिंबी वर्ज्य मानतात आणि इतरही अनेक शाकाहारी घरांत तिच्याविषयी संकोच असतो. स्पॉन व साहित्य चढ्या दराने गळ्यात मारून 'तुमचा सगळा माल आम्हीच परत विकत घेऊ' असे आश्वासन देणाऱ्या मंडळींकडून महाराष्ट्रात अनेक होतकरू तरुण नाडले गेले आहेत. खरेदीची हमी कागदावर असली तरी खरेदीदाराकडे माल खपवण्याची स्वतःची व्यवस्था आहे का, हे पाहिल्यावाचून पैसे गुंतवू नयेत.

याच ठिकाणी जतच्या कोरड्या हवेचा दुसरा उपयोग समोर येतो. जत, तासगाव, मिरज या भागातील शेतकरी फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यावर जाळीच्या रॅकवर द्राक्षे पसरून दोन आठवड्यांत बेदाणा करतात. माल पातळ पसरणे, सावलीत वाळवणे, प्रतवारी, धूळ व माशी यांपासून बचाव, हवाबंद पॅकिंग आणि शीतगृहात साठवण ही सगळी विद्या त्यांच्या हातात पिढीभर मुरलेली आहे. धिंगरी वाळवण्यास नेमकी हीच विद्या लागते, आणि काम बेदाण्याहून सोपे आहे, कारण पातळ छत्रीतील पाणी लवकर जाते. दहा किलो ताज्या मालाचा सुमारे एक किलो वाळलेला माल होतो, तो कडकडीत वाळवून हवाबंद ठेवल्यास अनेक महिने टिकतो, आणि पाण्यात भिजवताच पुन्हा मऊ होतो. बेदाण्याचा हंगाम सरल्यावर रिकामे उभे असणारे रॅक हिवाळ्यात धिंगरीला मिळाले, तर नव्या भांडवलावाचून एक प्रक्रिया उद्योग उभा राहू शकतो. वाळलेली धिंगरी दूरच्या बाजारात पाठवता येते, तिची भुकटी करून पापड, सूप, पिठे यांत वापरता येते, आणि मुख्य म्हणजे आज न खपलेला माल उद्या उकिरड्यावर जात नाही. वाळलेल्या अळिंबीत प्रथिनांचे प्रमाण चांगले आणि स्निग्धांश अल्प असल्याने कडधान्य महाग झालेल्या वर्षी तिने घरच्या ताटातही जागा मिळवावी, ही अपेक्षा व्यापारी हिशेबाबाहेरची असली तरी तिची नोंद आवश्यक आहे.

तिसऱ्या बहरानंतर उरलेला बेड हा या उद्योगाचा शेवटचा आणि बहुधा दुर्लक्षित माल होय. जाळ्याने काडातील टणक लिग्निनचा काही भाग पचवलेला असल्याने ते काड मऊ, सच्छिद्र आणि जनावरांना पचण्यास हलके झालेले असते. वाफेने निर्जंतुक केलेल्या, हिरवी बुरशी न चढलेल्या बेडचे काड सुकवून इतर चाऱ्यात थोड्या प्रमाणात मिसळता येते; फॉर्मेलिन किंवा कार्बेन्डाझिममध्ये बुडवलेले काड मात्र गोठ्यात जाता कामा नये. काड वाफवण्यास थोडे अधिक जळण लागते म्हणून रासायनिक पद्धत स्वीकारणारा उत्पादक हा परतावा गमावतो, आणि जतमध्ये पाऊस हुकलेल्या वर्षी तो परतावा अळिंबीच्या भावाहून मोलाचा ठरू शकतो. चाऱ्याजोगे नसलेले बेड शेणासोबत कुजवून डाळिंबाच्या आळ्यात टाकले असता मुरमाड जमिनीची ओल धरण्याची शक्ती वाढते. शेडच्या हिशेबात बेडच्या विल्हेवाटीचा रकाना खर्चाच्या बाजूला लिहिला जातो. तो जमेच्या बाजूला कसा आणता येईल याचा विचार चक्राच्या अखेरीस नव्हे, तर काड निवडण्याच्या दिवशीच व्हायला हवा.